१२ बाय ८ चा पडदा आणि प्रभातची चौकट: बेळगावातला भाड्याचा प्रोजेक्टर-सेट

बेळगावात प्रोजेक्टर, पडदा, दोन स्पीकर आणि सोबत एक पोरगा असा सेट एका संध्याकाळपुरता भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. लग्नातलं लाइव्ह, क्रिकेटची मॅच, शाळेचं गॅदरिंग, गणपतीतला सिनेमा, सगळं त्याच सेटवर होतं. खानापूर-निपाणीपर्यंत गाडी जाते. हे परीक्षण शहरातल्या अशाच एका सेटचं आहे आणि एकाच प्रश्नापुरतं आहे: वाचनालयाच्या सभागृहात किंवा मंडळाच्या मांडवात जुना सिनेमा लावला, तर तो ज्या चौकटीत घेतला त्याच चौकटीत दिसतो का? दुकानाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. यंत्राचं मॉडेल इकडेतिकडे बदलेल, पण पडद्याची मापं आणि जोडणाऱ्यांच्या सवयी सगळीकडे साधारण याच, त्यामुळे खालचे आकडे दुसऱ्या दुकानाच्या सेटलाही चालतील.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र उत्तम, पडदा बरा, केबल कामचलाऊ, आणि जोडणी सांगितल्याशिवाय हमखास चुकीची. सांगितलं तर मात्र ऐकतात, कुरकुर न करता. म्हणून काय सांगायचं यालाच इथे जास्त जागा दिली आहे.

भाड्याचे आकडे देण्यात अर्थ नाही. गणपतीचे अकरा दिवस एक दर, बाकी वर्षभर दुसरा, आणि घासाघीस दोन्हीकडे.

सेटमध्ये पडदे दोन मापांचे मिळतात: ८ बाय ६ फूट आणि १२ बाय ८ फूट. दोन्ही घडीच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटीचे, कापड चौकटीला टिचबटणांनी लावायचं. बटणं मोजून घ्यावीत. एखाद्या कडेची दोन-तीन गेलेली असली की तिथून सुरकुती निघते ती थेट मध्यापर्यंत पोचते. काळोख्या प्रसंगात कळत नाही, पण आकाश आलं की कपाळावरच्या आठीसारखी दिसते. प्रोजेक्टरही दोन. नवा फुल एचडी, १९२० बाय १०८० चा, ३५०० ल्युमेन लिहिलेला. दुसरा जुना ऑफिसछाप एक्सजीए, १०२४ बाय ७६८ चा. हा दुसरा कोणी मागत नाही म्हणून कपाटात असतो. त्याच्याविषयी पुढे येईलच.

आता चौकट. बोलपट आल्यावर ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका कडेला ध्वनीची पट्टी बसली आणि चित्राची रुंदी घटली. मग फिल्मवरच्या दोन चित्रांमधली आडवी रेघ जाड करून चित्र पुन्हा प्रमाणात आणलं गेलं, आणि १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने ते माप पक्कं केलं: उंची एक, तर रुंदी १.३७. आपल्याकडे कॅमेरेही बाहेरून येत आणि प्रोजेक्टरही, त्यामुळे मापही तेच आलं. प्रभातचे ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१), पुढे ‘श्यामची आई’ (१९५३), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), सगळे या चौकोनी चौकटीतले. बेळगावकरांना हा इतिहास लांबचा नाही. प्रभातची स्थापना १९२९ ची, कोल्हापुरातली. पुण्याला ती १९३३ मध्ये गेली. कन्नडचा पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) सुद्धा कोल्हापुरातच चित्रित झाला. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांचा सिनेमा निपाणीच्या पलीकडे, याच चौकटीत बोलायला शिकला.

आणि आजचे टीव्ही, लॅपटॉप, प्रोजेक्टर बहुतेक १६:९, म्हणजे १.७८. त्या काळात या मापात कुणी सिनेमा रचलेलाच नाही. चौकोनी चित्र १६:९ मध्ये नीट बसवलं की डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. त्या यायलाच हव्यात. नेमकं इथेच भाड्याच्या सेटचं आणि गिऱ्हाइकाचं गणित बिघडतं. मंडळातलं कोणीतरी पुढे येऊन विचारतं, ‘अण्णा, दोन्ही बाजूनं काळं कशाला सोडलायसा? पडदा भरून दाखवा की!’ पोरगा रिमोट उचलतो, ‘फुल’ किंवा ‘झूम’ दाबतो, पडदा भरतो. सगळे खूश, आणि चित्राची वाट लागलेली.

वाट दोन तऱ्हांनी लागते, आणि त्या ओळखता यायला हव्यात, कारण दोन्हीवरचे उपाय निराळे आहेत.

‘फुल’ म्हणजे ताणणं. उंची तेवढीच, रुंदी तीस टक्क्यांनी जास्त. माणसं बसकी आणि गुबगुबीत दिसतात. पण चेहऱ्यावरून वाद घालत बसू नये, डोळा पाच मिनिटांत सरावतो. गोल वस्तू शोधावी. ‘कुंकू’मध्ये भिंतीवरचं घड्याळ कथेतलं पात्रच आहे म्हणा ना, त्याची तबकडी पडद्यावर दहा इंच उंच असेल तर तेरा इंच रुंद होते. टेप लावून मोजता येतं. गावाकडच्या सिनेमात बैलगाडीचं चाक, जातं, डफ, काहीतरी गोल सापडतंच.

‘झूम’ म्हणजे कापणं. गोल गोलच राहतं, म्हणून हे चटकन कळत नाही. रुंदी पूर्ण भरते आणि उंचीतला तेवीस टक्के भाग वरखाली पडद्याबाहेर जातो. आठ फूट उंचीच्या चित्रात हा भाग जवळजवळ एक फूट दहा इंच भरतो: वरून अकरा, खालून अकरा. प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी स्त्री हीच पहिली परीक्षा. वर उचललेल्या तुतारीचं टोक आणि खाली पावलं एकाच वेळी पूर्ण दिसली पाहिजेत. तुतारी छाटलेली दिसली की सिनेमा तिथेच थांबवावा, कारण पुढे प्रत्येक समीपदृश्यात कपाळ जाणार, फेटे जाणार, आणि ‘संत तुकाराम’च्या वैकुंठगमनात ज्या आकाशाकडे सगळं गाव बघतं ते आकाशच जाणार. या चौकटीत दिग्दर्शक उंचीचा वापर करायचे. दाराची चौकट, माडीचा जिना, देवळाचा खांब यांच्यासाठीच ती उंची होती.

कापण्याचा रोग मुळात टीव्हीवाल्यांचा नव्हे, तो थिएटरांतूनच आला. १९५३ साली रुंद पडद्याची लाट आली तेव्हा हॉलिवूडमध्ये चौकोनी चौकटीसाठी घेतलेला ‘शेन’ वरखाली कापून १.६६ च्या मापात प्रदर्शित केला गेला. तेव्हाही कारण हेच होतं: पडदा भरलेला दिसायला हवा.

आता १२ बाय ८ चं गणित, कारण परीक्षणाचा गाभा हाच आहे. जोडणारा पोरगा काय करतो? यंत्राचा १६:९ चा चौकोन पडद्याच्या बारा फूट रुंदीला बसवतो. उंची होते पावणेसात फूट. वरखाली मिळून सव्वा फूट पांढरा पडदा नुसता राहतो. मग या चौकोनात चौकोनी सिनेमा लावला की त्याला उंची मिळते पावणेसात फूट आणि रुंदी सव्वानऊ. म्हणजे भाडं बारा बाय आठचं आणि चित्र सव्वानऊ बाय पावणेसातचं, चारी बाजूंनी मोकळं. मंडळातल्या माणसाची तक्रार अगदीच खोटी नाही. पडदा खरंच रिकामा असतो. त्यावर त्याला सुचणारा उपाय तेवढा चुकीचा.

बरोबर उपाय असा: आठ फूट उंची पूर्ण वापरा. आठ गुणिले १.३७, म्हणजे १०.९६ फूट, अकराच म्हणा. बारा फुटी पडद्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा इंच उरतात. हा पडदा जणू प्रभातसाठीच शिवला आहे! फक्त त्यासाठी यंत्राचा १६:९ चा चौकोन १४.२ फूट रुंद करावा लागतो. त्यातल्या काळ्या पट्ट्या पडद्याबाहेर, दोन्ही बाजूंना तेरा-तेरा इंच सांडतात. सांडू देत. पोरगा घाबरतो, ‘चित्र बाहेर चाललंय’ म्हणतो. त्याला दाखवावं की बाहेर गेलेल्या भागात चित्रच नाही.

एवढं केलं की चित्राचं क्षेत्रफळ साडेबासष्ट चौरस फुटांवरून पावणेअठ्ठ्याऐंशीवर जातं. त्याच भाड्यात.

अडचण एकच. एलसीडी प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो, गडद करडा असतो. त्या करड्या पट्ट्या पांढऱ्या भिंतीवर किंवा मांडवाच्या कापडावर चमकतात आणि डोळा तिकडे जातो. त्यासाठी काळं कापड हवं, आणि ते सेटमध्ये मिळत नाही. दुकानदाराकडे ‘मास्किंग’ मागितलं तर काळा प्लास्टिक पेपर पुढे येतो. तो घेऊ नये, चकाकतो. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गावात कापडाला तोटा नाही. मखमल सर्वांत चांगली, प्रकाश गिळून टाकते. महाग वाटली तर जाड सुती काळं कापड चालतं. पॉपलिन नको, त्याला इस्त्रीची झाक असते. ४४ इंच पन्ह्याचं तीन मीटर घेऊन उभं मधोमध फाडलं की २२-२२ इंचांच्या दोन पट्ट्या होतात, प्रत्येकी पावणेदहा फूट लांब. चित्राच्या कडेपासून सांडलेल्या पट्टीच्या टोकापर्यंतचं अंतर आहे साडेएकोणीस इंच. दोन-अडीच इंच शिल्लक राहतात ते टाचणीला. वरच्या अ‍ॅल्युमिनियम दांड्याला कागदाच्या लोखंडी क्लिपा लावून पट्टी सोडायची, खाली कडांना दगड किंवा लाकडी फळी बांधायची म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने हलत नाही. पट्टीची आतली कड चित्रावर अर्धा इंच चढवावी. कड रेखीव दिसते, आणि चित्र एकदम उजळल्यासारखं वाटतं. यंत्र तेच असतं, फक्त शेजारी खरा काळा आलेला असतो.

त्याच संध्याकाळी स्कोप सिनेमा असेल तर सगळं उलटं होतं. ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप. रुंदी उंचीच्या २.३५ पट. बारा फूट रुंदीला त्याची उंची येते पाच फूट एक इंच. थिएटरात स्कोप आला की बाजूचे पडदे सरकायचे आणि चित्र फुलायचं. इथे स्कोप चौकोनी चित्रापेक्षा लहान दिसतो. त्याला इलाज नाही, पडद्याचं मापच तसं आहे. पण तो ‘झूम’ करून पडदा भरायला गेलात तर रुंदीतला जवळजवळ चौथा हिस्सा जातो, आणि स्कोपमध्ये दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना उभी असतात हे लक्षात घ्या. एक बोलतो आणि समोर भिंत असते, असं दृश्य दिसायला लागलं की समजावं, चित्र कापलं आहे.

दोन सिनेमांच्या मध्ये टेबल सरकवायला लागू नये म्हणून अंतर आधीच नीट निवडावं. या सेटच्या एचडी यंत्राचा थ्रो १.३ ते १.५६ आहे, म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर चित्राच्या रुंदीच्या तितके पट. पडद्यापासून १८ फूट ९ इंचांवर लेन्स ठेवली, तर झूमचं कडं एका टोकाला फिरवल्यावर बारा फूट आणि दुसऱ्या टोकाला सव्वाचौदा-साडेचौदा फूट रुंदी मिळते. स्कोप पहिल्यावर, चौकोनी दुसऱ्यावर. यंत्र वेगळं असेल तर माहितीपत्रकातला थ्रोचा मोठा आकडा बाराने गुणून अंतर काढायचं, आणि लहान आकड्याने तेच अंतर भागून १४.२ च्या वर येतंय ना बघायचं. झूम १.२ पटीपेक्षा कमी असलेल्या यंत्रावर हे जमत नाही, टेबल हलवावंच लागतं.

एक फसगत हमखास होते. झूम आवळला की चित्र मध्याकडे न येता खालच्या कडेला चिकटून लहान होतं, कारण बहुतेक यंत्रांत लेन्सचा अक्ष चित्राच्या तळाशी असतो. त्यामुळे स्कोपच्या वर पंचवीस इंच पडदा रिकामा राहतो आणि खाली दहाच. कापड समान फाडलेलं असेल तर वरची पट्टी तीन इंच तोकडी पडते. म्हणून आडव्या पट्ट्यांसाठी ४४ पन्ह्याचं चार मीटर घ्यावं आणि २८ व १६ इंचांना फाडावं. मोठी वर, लहान खाली.

आता कपाटातल्या जुन्या एक्सजीए यंत्राची बाजू घेतो, कारण ती कोणी घेत नाही. ते मुळात ४:३ चं आहे. साठ-सत्तर माणसांचं सभागृह, ८ बाय ६ चा पडदा आणि चौकोनी सिनेमा असेल, तर हेच मागावं. चित्र आठ फूट बाय पाच फूट दहा इंच येतं, वरखाली एकेक इंच सुटतो, कापडाची गरजच नाही. याच पडद्यावर नवं एचडी यंत्र नेहमीच्या पद्धतीने जोडलं तर चित्र सहा फूट दोन इंच बाय साडेचार फुटांचं होतं. शिवाय चौकोनी सिनेमात एचडी यंत्राचा जवळपास पाव प्रकाश त्या काळ्या पट्ट्यांवर खर्च होतो, एक्सजीएचा सगळा चित्रावर पडतो. पिक्सेल कमी आहेत हे खरं, पहिल्या दोन रांगांना कदाचित जाणवेल. पण ‘श्यामची आई’ची जी प्रत हाताशी असते तिच्यात तरी कुठे एवढा तपशील असतो?

एक्सजीए घेतलं तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या पडद्याचं रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ करायचं. विसरलात तर लॅपटॉप १६:९ चं चित्र पाठवतो, यंत्र त्याला वरखाली पट्ट्या लावतं, सिनेमाच्या बाजूच्या पट्ट्या आधीच आत असतात, आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटासारखं चित्र उरतं. ‘एक्स्टेंड’ ठेवावं, ‘ड्युप्लिकेट’ ठेवलं की लॅपटॉपच्या पडद्याचं माप प्रोजेक्टरवर लादलं जातं.

कीस्टोन हा या सेटवाल्यांचा लाडका आजार. टेबल अडीच फुटी, पडद्याचा तळ चार फुटांवर (सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी तेवढा हवाच). मग यंत्राचा पुढचा पाय वर उचलला जातो, खाली वह्यापुस्तकं सरकवली जातात, चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होतं, आणि कीस्टोनचं बटण दाबून ते पुन्हा चौकोन दिसेपर्यंत चेपलं जातं. चौकोन होतो, पण प्रमाण मोडतं; गोलाचा अंडाकार झालेला असतो आणि कडेचे पिक्सेल वाया गेलेले असतात. काही यंत्रांत हे आपोआप चालू असतं. ऑटो कीस्टोन बंद, किंमत शून्य, हे सर्वांत आधी करून घ्यावं. मग टेबलावर दुसरं टेबल चढवून लेन्स पडद्याच्या तळाच्या उंचीला आणावी आणि यंत्र पाण्याच्या पातळीत ठेवावं. फोनमधली लेव्हल पुरते. खात्रीसाठी पेनड्राइव्हवर काळ्यावर पांढरं वर्तुळ असलेलं एक चित्र ठेवावं. १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात ९०० पिक्सेलचं वर्तुळ आठ फुटी उंचीवर सहा फूट आठ इंचांचं पडतं. टेपने उभं आणि आडवं मोजावं. अर्ध्या इंचाचा फरक चालेल, दोन इंचांचा नाही.

यंत्राच्या मेनूत आणखी एक कोपरा बघायचा: ओव्हरस्कॅन. जुन्या टीव्हीच्या काळातली ही सोय चित्राच्या कडा चारेक टक्के बाहेर ढकलते. ती बंद हवी. प्रभातच्या कित्येक मूळ नायट्रेट निगेटिव्ह २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत गेल्या. आपल्यापर्यंत येतात त्या प्रतीच्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीत कडा थोड्या खाल्ल्या जातात. श्रेयनामावलीतली नावं आधीच काठाला टेकलेली असतात, त्यांना आणखी ढकलू नये.

फाइलची जबाबदारी सेटवाल्याची नाही, ती आपली. पेनड्राइव्ह थेट यंत्रात खुपसून सिनेमा लावायचा मोह टाळावा. आतल्या प्लेअरमध्ये प्रमाण बदलायची सोय बहुधा नसते. लॅपटॉप आणि त्यावरचा व्हीएलसी प्लेअर पुरे. इंटरनेटवरच्या जुन्या सिनेमांच्या प्रतींत निम्म्या दुखण्यांवर दोन कळा आहेत. ताणलेली प्रत असेल तर ‘ए’ची कळ दाबत जावं, ४:३ आलं की थांबावं. घड्याळ गोल होतं. जुन्या डीव्हीडीवरचा स्कोप चौकोनातच काळ्या पट्ट्यांसह भाजलेला असेल, तर ‘सी’ची कळ दाबत २.३५ वर आणावं. पट्ट्या छाटल्या जाऊन चित्र रुंदीभर बसतं. या दोन कळा सारख्याच समजून भलतीच दाबली की डोकी उडतात, म्हणून आधी सराव करावा. मात्र जी प्रत आधीच वरखाली कापून ‘एचडी’ म्हणून चढवलेली आहे तिला कोणतीही कळ परत आणू शकत नाही. दुसरी प्रत शोधावी, दिसायला धुरकट असली तरी पूर्ण चौकटीची.

‘शोले’ (१९७५) लावणाऱ्यांसाठी एक टीप. तो ३५ मिलिमीटरवर चौकोनी चौकटीत घेऊन ७० मिलिमीटरसाठी २.२ च्या मापात आणलेला आहे. त्यामुळे त्याची चौकोनी प्रत मिळाली आणि तिच्यात वरखाली जास्त दिसलं, तर ती ‘जास्त खरी’ असं समजू नये. मोठ्या पडद्यासाठी ठरलेली चौकट २.२ ची. बारा फुटांना उंची साडेपाच.

जाता जाता: डीव्हीडी आपल्याकडे बऱ्याचदा सेकंदाला पंचवीस चौकटींची असते आणि सिनेमा चोवीसचा, त्यामुळे तो चार टक्के भरभर पळतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनकडे झुकतं. पेटी घेऊन बसणारा एखादा जुना भजनी हे लगेच पकडतो.

प्रकाशाविषयी थोडंसं. ३५०० ल्युमेन हा आकडा हिरवट ‘डायनॅमिक’ मोडमधला. ‘सिनेमा’ मोडमध्ये निम्मा धरा. १४.२ बाय ८ वर तो पसरला की चौरस फुटाला पंधरा ल्युमेनच्या आसपास येतो. थिएटरचं प्रमाण चौदा फूट-लॅम्बर्टचं (साध्या पांढऱ्या पडद्यावर चौरस फुटाला एक ल्युमेन म्हणजे साधारण एक फूट-लॅम्बर्ट), म्हणजे सभागृहात दिवे बंद असतील तर ठीक. गणपतीच्या मांडवात समोर लायटिंगच्या माळा चालू ठेवून मात्र काहीच दिसणार नाही. भाद्रपदातला पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की दोन स्पीकरही पुरत नाहीत, पण तो दोष सेटचा नाही.

सेटवाल्यांच्या वागण्याला तक्रार नाही. वेळेवर येतात, मराठी-कन्नड दोन्ही बोलतात, वीज गेली तर यूपीएस काढून देतात. उणीव रिमोटची: अर्ध्या वेळा तो दुकानात राहतो, आणि प्रमाणाचा मेनू यंत्रावरच्या बटणांनी उघडत नाही. दुसरी उणीव पंधरा मीटरच्या एचडीएमआय केबलची, मधूनच चित्र लुकलुकतं. लॅपटॉप यंत्राच्या टेबलावरच ठेवून पाच मीटरची केबल मागावी.

बुकिंग करताना तोंडी सांगून भागत नाही, कारण ऐकणारा मालक असतो आणि येणारा पोरगा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावं: ‘पडदा १२ बाय ८, तळ जमिनीपासून चार फूट. एचडी यंत्र, रिमोट सेलसकट. टेबलं दोन. केबल पाच मीटर. कीस्टोन शून्य, ओव्हरस्कॅन बंद, अ‍ॅस्पेक्ट नॉर्मल. चित्र आठ फूट उंचीला बसवायचं, बाजूला सांडलं तरी चालेल. काळं कापड आमचं. माणूस दीड तास आधी.’ दीड तासातला अर्धा तास पडदा उभा करायला जातो, वीस मिनिटं टेबलांना, बाकीचा वर्तुळ मोजण्यात आणि कापड टाचण्यात.

हक्कांचं एवढंच: आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे प्रभातचे सिनेमे मोकळे आहेत, पण १९७२ चा ‘पिंजरा’ २०३२ अखेरपर्यंत हक्कात आहे. त्याच्यासाठी परवानगी काढावी लागेल.

एचडी यंत्राला पाचपैकी चार, एक्सजीएला चौकोनी सिनेमापुरते साडेचार, पडद्याला साडेतीन (बटणं लावून दिली तर चार), जोडणीला संदेश पाठवला नाही तर दीड, पाठवला तर चार. सिनेमा चालू असताना रिमोट पोरग्याच्या हातात ठेवू नये. मध्यंतरात कोणीतरी ‘पडदा भरून दाखवा की’ म्हणतोच.